करवंदीची जाळी, कात्रपचा माळ आणि वॉचमनचा प्रश्न

उल्हासकाठी

आईच्या घराचं वीजमीटर नावावर करून घ्यायचं होतं म्हणून परवा बदलापूरला गेलो होतो. काम झालं नाहीच, त्याचा वेगळा धागा निघेल. परतीच्या लोकलला दोन तास होते. पाय आपसूक कात्रपच्या बाजूला वळले. डोळ्यांवर सोडलं असतं तर मी कुठेतरी अंबरनाथला पोचलो असतो, कारण ओळखीचं असं एक वळण उरलेलं नाही.

आमचं बिऱ्हाड १९७९ साली इथे आलं. मी पाच वर्षांचा. वडील अंबरनाथला कारखान्यात, दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागे विहीर. घोडे बदलायचं ठिकाण म्हणून गावाचं नाव बदलापूर, असं शाळेत बाई सांगायच्या. खरं-खोटं देव जाणे.

परीक्षा संपली की आम्ही पाच जण डालडाचे रिकामे डबे घेऊन सकाळी सातला निघायचो. कात्रप संपलं की माळ, माळ संपला की चढ, आणि चढावर करवंदीच्या जाळ्या. जाळी म्हणजे काय हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगणं कठीण आहे. डोक्याएवढा काट्यांचा गोल ढीग. काटा दुबेळक्यासारखा, आत गेला की निघताना दुसऱ्या टोकानं धरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुईसारखी पांढरी फुलं, एप्रिलमध्ये हिरवी फळं, मग लालसर, आणि मे उजाडला की काळी. काळी तिथल्या तिथे पोटात. हिरवी-लाल डब्यात, घरी लोणच्याला. रिकामा डबा घेऊन गेलं तर दुसऱ्या दिवशी परवानगी मिळायची नाही, म्हणून ही सगळी व्यवस्था.

खेळ अर्थातच कोंबडा-कोंबडी. मुठीत करवंद धरून समोरच्याला विचारायचं. फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. हरला त्यानं आपलं एक करवंद द्यायचं. आमच्यातला एक जण बाहेरून नुसतं बघून दहातली आठ ओळखायचा. तो पुढे शेअर बाजारात गेला आणि तिथे मात्र त्याचं काही खरं झालं नाही.

चीक हा स्वतंत्र विषय. देठाकडून पांढरा चीक यायचा आणि ओठांवर बसायचा. पाणी लावलं की आणखी घट्ट. घरी शिरायच्या आधी विहिरीपाशी खोबरेल चोळायचं, आणि ओठ तुळतुळीत दिसले की आईला बाकी काही विचारावं लागायचं नाही.

वर ठाकरवाडी होती. तिथली एक म्हातारी टोपली घेऊन त्याच जाळ्यांवर यायची. आम्ही फांद्या ओरबाडायचो, ती दोन बोटांनी नुसतं हलवायची. तिनं एकदा आम्हाला थांबवून सांगितलं की जे ओढावं लागतं ते पिकलेलं नाही, ते राहू द्या, उद्या कुणाला तरी मिळेल. आम्ही मान डोलावली आणि ती वळल्यावर पुन्हा ओरबाडायला लागलो.

करवंदांच्या बरोबरीनं तोरणं असायची, पांढरी, आत बीच मोठं. आळू पिकायला घरी पेंढ्यात ठेवायचे. आंबगुळं त्याआधीच होळीच्या सुमारास येऊन गेलेली. आणि पाऊस तोंडावर आला की जांभळं. जांभळाची फांदी कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून वर चढायचं ते हलक्या मुलानं, आणि खाली चौघांनी चादर ताणून धरायची. चादर कुणाच्या घरची यावर भांडणं, कारण तो जांभळा डाग चादर फाटेपर्यंत जात नाही.

तर परवा. माळाच्या जागी मोठं फाटक. आत वीस-बावीस मजल्यांचे टॉवर, नाव इंग्रजीत, त्यात 'टेकडी' या अर्थाचा शब्द आहे. टेकडी कापून सपाट केली आहे. मी फाटकापाशी घुटमळत होतो तर वॉचमननं विचारलं, "किधर जाना है?"

मला उत्तर सुचेना. करवंदं बघायला आलोय म्हणालो असतो तर त्यानं काय समजून घेतलं असतं? त्यानंच मदत केली: "फ्लॅट देखना है? सेल्स ऑफिस उधर है."

तेव्हापासून एकच डोक्यात फिरतंय. त्या वाटेवर आम्ही दहा वर्षं हिंडलो आणि "कुठे जायचंय" असं आम्हाला कुणी कधी विचारलं नव्हतं. जमीन कुणाची तरी असणारच. सातबारा असणार, नाव असणार. पण ते आमच्या कानावर यायचं काही कारणच पडलं नाही.

तुमच्याकडच्या जाळ्या आहेत का अजून?

---

आजोळची_पोर

अगदी अगदी! खोबरेल तेलाचं वाचून हसले. आमच्याकडे मामी ओठांना रॉकेल लावायची, त्यापुढे चीक परवडला.

आजोळ संगमेश्वरजवळ. आमच्या जाळ्या टॉवरखाली गेल्या नाहीत, महामार्गाखाली गेल्या. चौपदरीकरणात डोंगराची कड कापली आणि आता त्या जागी उभा तांबडा कडा आहे, पावसात खाली येतो.

---

झब्बू

+१. वाचनखूण साठवली आहे.

अवांतर: कच्च्या करवंदांच्या लोणच्याची पाककृती द्या ना कुणीतरी. बिया काढायच्या की ठेवायच्या?

---

बोरीबाभळी

आम्ही खानदेशातले, आमचा रानमेवा थंडीतला. जळगावला मेहरूणची बोरं. मेहरूण हे तळ्याचं आणि त्या भागाचं नाव. गावाबाहेर बोरांच्या बागाच होत्या. डिसेंबर-जानेवारीत शाळा सुटली की दप्तर पाठीवर आणि खिसे बोरांनी फुगलेले. राखणदार दगड मारायचा, तोही नेम चुकवूनच. संक्रांतीच्या वेळी घरोघरी बोरन्हाणाला तीच बोरं.

आता तो सगळा भाग कॉलन्यांचा आहे. बोरं बाजारात मिळतात, 'मेहरूण' म्हणूनच विकतात. एका विक्रेत्याला विचारलं कुठून आली, तर तो खरं बोलला: "नाव मेहरूणचं, माल बाहेरचा."

उल्हासकाठी, तुमच्या वॉचमनच्या प्रश्नाचं मला वेगळं वाटलं. आमच्या लहानपणी राखणदार होता. म्हणजे जमीन कुणाची हे ठाऊक होतं. पण तो ओरडून झाल्यावर हसायचा. चोरी चालायची आणि तिला मर्यादा होती, हे दोन्हीकडून ठरलेलं असावं.

---

नवबदलापूरकर

लेख चांगला आहे, पण एक खटकलं म्हणून लिहितो. राग मानू नका.

मी २०१४ साली बदलापुरात घर घेतलं. वन बीएचके, कर्ज वीस वर्षांचं. त्याआधी मुंबईत दहा वर्षांत सात भाड्याची घरं बदलली, दर अकरा महिन्यांनी घरमालकाच्या तोंडाकडे बघत. हौसेनं इतक्या लांब कोण येतं? रोज जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये जातात, तेही उभ्यानं. तुमच्या टेकडीवर मी राहत नाही, पण राहत असतो तरी काय करायला हवं होतं? माफी मागायला हवी होती?

जुने बदलापूरकर भेटले की हाच सूर असतो. इथे जांभळं होती, इथे ओढा होता, तुम्ही लोक आलात आणि गेलं. २००१ च्या जनगणनेत गाव लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाख झालं. ही वाढलेली माणसं आकाशातून पडली का? कुणीतरी जमीन विकली म्हणूनच कुणीतरी विकत घेतली.

---

चाकरमानी_चक्रम

घ्या, धाग्याला फोडणी बसली.

ते जाऊ द्या. उल्हासकाठी, सध्या बदलापूर भागात करवंदं नक्की कुठे मिळतात? शनिवारी ग्रुप घेऊन यायचा विचार आहे, पंधरा-वीस जण. लोकेशन टाका प्लीज.

---

उल्हासकाठी

@नवबदलापूरकर, राग नाही. उलट मी जे लिहायचं टाळलं होतं तिथेच तुम्ही बोट ठेवलंत.

वडिलांनी १९८४ मध्ये त्याच अंगाला चार गुंठे घेतले होते, पुढेमागे घर बांधू म्हणून. बांधलं नाही. १९९३ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, फी आणि वसतिगृह झेपेना, तेव्हा ते चार गुंठे एका बिल्डरला दिले. त्या भागातल्या पहिल्या काही इमारतींपैकी एक तिथे उभी राहिली. व्यवहाराच्या दिवशी मी वडिलांबरोबर जागेवर गेलो होतो. कोपऱ्यात एक जाळी होती, भरलेली. मोजणीवाल्यानं तिच्यात खुंटी ठोकता येईना म्हणून ती तोडायला सांगितली. कोयता मीच आणून दिला.

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. लिहिता लिहिता बोटं दुसरीकडे गेली. वॉचमनची गंमत सांगणं सोपं होतं.

तेव्हा माफीचा प्रश्न असेल तर रांगेत मी तुमच्या पुढे उभा आहे.

---

नवबदलापूरकर

हे अपेक्षित नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

---

पायथ्याची_वाट

उशिरा प्रतिसाद देतेय. गेली बारा-तेरा वर्षं कर्जत-मुरबाड पट्ट्यातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर जाणं-येणं आहे, त्यामुळे थोडं दुसऱ्या बाजूनं.

आपण सगळे 'रानमेवा' म्हणतोय. वाडीवरच्या बाईच्या लेखी एप्रिल-मे म्हणजे करवंदं आणि जून म्हणजे जांभळं, आणि या अडीच महिन्यांच्या पैशावर पावसाळ्याचं तेल-मीठ, पोरांच्या वह्या, घरावरचा प्लास्टिकचा कागद. वीटभट्टीवरून माणसं परततात तेव्हा हातात फारसं काही नसतं. आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसते. अशा वेळी डोंगर उभा असतो.

काम कसं चालतं सांगते. पहाटे तीन-साडेतीनला उठून, काही जणी आदल्या संध्याकाळीच तोडून ठेवतात. उन्हात तोडलेलं करवंद दुपारपर्यंत मऊ पडतं. जांभूळ तर त्याहून नाजूक, दुसऱ्या दिवशी सुरकुततं. म्हणून टोपलीत तळाला पाला, वर फळं, वर पुन्हा ओला पाला, आणि पहिल्या एक-दोन लोकलपैकी एक गाठायची. द्रोण वळणं हे बसल्या बसल्या करायचं काम: पळसाचं किंवा कुड्याचं पान, आणि टाचणी म्हणून करवंदीचाच काटा. आता बऱ्याच जणी प्लास्टिकच्या पिशवीत देतात, कारण पळस जवळपास उरला नाही आणि गिऱ्हाइकाला पिशवीच हवी असते.

आधी ज्या जाळीला पंधरा मिनिटं लागायची तिथे आता तास-दीड तास चालावं लागतं. झाडं सगळीच तुटलेली नाहीत. मधे कुंपणं आली आहेत. फार्महाऊस, प्लॉटिंग, तारा. जाळी दिसते, फळं दिसतात, आणि तारेपलीकडे हात जात नाही. काही ठिकाणी मालक वर्षातून चार दिवस येतो. करवंदं तिथेच पिकून गळतात.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. पण तो वनजमिनीवर. जी जमीन आधीच खासगी होती आणि पिढ्यानपिढ्या सगळे तिच्यावरून चालत होते, तिथे तो कागद दाखवून काही होत नाही.

उल्हासकाठी, तुमची म्हातारी "उद्या कुणाला तरी मिळेल" म्हणाली ना? तो कुणीतरी बहुधा तीच होती. दुसऱ्या दिवशी तिलाच परत यायचं होतं.

---

उल्हासकाठी

शेवटची ओळ वाचून बराच वेळ बसलो. चाळीस वर्षं मी ते वाक्य उपदेश म्हणून सांभाळलं होतं. ती तिची उद्याची टोपली वाचवत होती, आणि आम्ही पाच जण डालडाचे डबे घेऊन तिच्या धंद्यात उभे होतो.

---

चाकरमानी_चक्रम

सगळं पटलं. पण लोकेशन?

---

पायथ्याची_वाट

@चाकरमानी_चक्रम, नाही टाकणार. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणाचा व्हिडिओ फिरला. पुढच्या रविवारी चाळीस गाड्या. लोकांनी फांद्या मोडून गाडीत भरल्या, सेल्फी काढले, हिरवी फळं वाटेवर टाकून गेले. सोमवारी वाडीवरच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उतरल्या. करवंदं खायचीच असतील तर स्टेशनबाहेर बसलेल्या बाईकडून घ्या, आणि घासाघीस करू नका.

---

चाकरमानी_चक्रम

बरं. मुद्दा पोचला. पंधरा-वीस जणांचं रद्द, दोघंच येऊन स्टेशनवर घेऊ.

---

हवामानबाधित

कुंपणाचं खरंच आहे, पण वरूनही मार आहे. एप्रिल-मेमध्ये एक जोरदार अवकाळी झाला की पिकायला आलेलं फळ फुटतं, गळतं. २०२५ ला तर २६ मेलाच मोसमी पाऊस मुंबईत येऊन थडकला, एवढ्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. आमच्या मागच्या जांभळाखाली त्या आठवड्यात नुसता चिखल आणि जांभळा लगदा. बुलबुलांनीही तोंड फिरवलं.

शिवाय वणवे. गवत चांगलं येतं म्हणून किंवा उगीच मजा म्हणून डोंगर पेटवतात. करवंद चिवट, बुडख्यातून परत फुटतं. पण फुटलेल्या धुमाऱ्याला त्या वर्षी फळ कुठून येणार?

---

आजोळची_पोर

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय ना मध्ये? पालघरच्या बहाडोलीच्या जांभळालाही मिळालं. म्हणजे अगदीच अंधार नाही.

---

बोरीबाभळी

मानांकन मिळालं की भाव मिळतो, बरोबर. पण मेहरूणचा अनुभव असा की नाव टिकतं आणि झाड सरकतं. बदलापूरच्या नावाची जांभळं पुढे बदलापुरातच पिकोत म्हणजे झालं. आता तर तिथे वडोदरा महामार्गासाठी डोंगरातून बोगदाही काढलाय, मुलाकडे जाताना पाहिला. जमिनीचे भाव आणखी चढणार.

---

झब्बू

लोणच्याची पाककृती अजूनही कुणी दिलेली नाही याची नोंद घ्यावी.

---

आजोळची_पोर

@झब्बू, घ्या बाई/बुवा. कच्ची, टणक करवंदं धुऊन पूर्ण कोरडी करायची. प्रत्येक करवंद ठेचायचं, किंवा अर्धं कापून बी काढायचं. बी ठेवलं तरी चालतं, पण तुरटपणा राहतो आणि पाहुणे दात जपून खातात. मीठ लावून एक रात्र. चीक बराचसा त्या पाण्यात निघतो, ते पाणी टाकून द्यायचं. मग मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, तिखट, थोडा गूळ, आणि तेलाची फोडणी गार करून वरून. आमची मामी त्यात कैरीच्या फोडी घालायची. प्रमाण विचारू नका, तिच्याकडे मापच नव्हतं. विळीला आणि हाताला आधी तेल लावा, नाहीतर चीक तीन दिवस आठवण देईल.

---

नवबदलापूरकर

आठवड्यानं परत येतोय. हा धागा बायकोला वाचून दाखवला, ती मूळची नागपूरची. तिनं टेंभरं (तेंदूची फळं) आणि चारं (चारोळीची फळं) यांवर अर्धा तास भाषण दिलं. ते तिनं स्वतः लिहावं असं सुचवलं आहे.

सांगायचं वेगळंच आहे. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून, पाण्याच्या टाकीपलीकडे, एक काटेरी झुडूप आहे. अकरा वर्षं मी ते 'झुडूप' म्हणूनच पाहत होतो. मागच्या सभेत ते काढून तिथे पार्किंगच्या दोन जागा करायचा ठराव होता आणि मी हात वर केला होता.

शनिवारी टॉर्च घेऊन गेलो. तीच. दुबेळक्यासारखा काटा, पान तोडलं की पांढरा चीक. खालच्या बाजूला काळी फळं होती, वरची मुलांच्या चेंडूनं झडलेली. आमच्या सोसायटीचा वॉचमन बाजूलाच उभा होता. त्याला म्हटलं हे करवंद आहे. तो म्हणाला, माहीत आहे साहेब, रोज रात्रपाळीत मीच खातो, त्याच्या गावीही आहेत, करौंदा म्हणतात.

ठराव मागे घ्यावा असं पत्र सचिवांना दिलं आहे. दोन गाड्यांच्या जागेवर कुणाचंही मन वळवणं सोपं नाही, एका शेजाऱ्यानं तर बोलणंच टाकलं आहे. बघू.

रविवारी सकाळी मुलीला आणि तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन गेलो. नियम तुमचाच सांगितला. मी मूठ पुढे केली, मुलगी म्हणाली कोंबडी. फोडलं तर आत पांढुरकं. लगेच हात पसरून उभी: "द्या आता तुमचं एक." माझ्याकडे दुसरं नव्हतंच, वॉचमननं खिशातून काढून दिलं.

---

चाकरमानी_चक्रम

कुठली सोसायटी? लोकेशन टाका ना.